कंपनीने हात वर केल्यानंतर : जुन्या ई-रीडरविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे जुन्या ई-रीडरविषयीची पत्रे इतकी आली, की या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले यंत्र धडधाकट आहे, पडद्यावर ओरखडाही नाही, पण कंपनीने सपोर्ट बंद केला. आता ते कपाटात टाकावे, कोणाला द्यावे, की मोडीत काढावे? सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या ई-रीडरचा सपोर्ट संपल्याचा ई-मेल आला आहे. म्हणजे नेमके काय बंद झाले? यंत्रात दीडएकशे पुस्तके आहेत, ती जातील का? मुलगा म्हणतो, एकदा फॅक्टरी रीसेट करून बघ, कदाचित सगळे सुरळीत होईल.
— निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर : रीसेट करू नका, आणि यंत्राची खात्याशी असलेली नोंदणीही रद्द करू नका. या दोन्ही गोष्टींनी आतली विकत घेतलेली पुस्तके पुसली जातात, आणि सपोर्ट संपलेल्या यंत्राची पुन्हा नोंदणी होईलच याची हमी नसते. मुलाचा सल्ला फोनच्या बाबतीत ठीक असतो. येथे तो अंगाशी येऊ शकतो.

बंद झाले आहे ते दुकान. ई-रीडर घेताना आपण प्रत्यक्षात वाचण्याचे साधन आणि पुस्तके विकत घेण्याची खिडकी अशा दोन वस्तू एकत्र घेतो, आणि कंपनीचे नियंत्रण दुसऱ्या वस्तूवर अधिक असते. सोनीने २०१४ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान गुंडाळून अमेरिकेतले ग्राहक कोबो या दुसऱ्या ई-रीडर कंपनीकडे सोपवले; ॲमेझॉनने ऑगस्ट २०२२ मध्ये किंडल या आपल्या ई-रीडरच्या काही जुन्या पिढ्यांवरून थेट खरेदीची सोय काढून घेतली; बार्न्स अँड नोबलने जून २०२४ मध्ये आपल्या नूक या ई-रीडरच्या सुरुवातीच्या काही यंत्रांबाबत तेच केले. तिन्ही वेळा यंत्रात आधीपासून असलेली पुस्तके वाचता येत होतीच. याखेरीज एक कारण कंपनीच्या निर्णयाशिवायही घडते. इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीचे नियम आणि प्रमाणपत्रे बदलत जातात, जुन्या यंत्रातली प्रमाणपत्रे मुदतबाह्य होतात, आणि मग वायफाय जोडलेले दिसूनही काहीच उघडत नाही.

पडद्याचे म्हणाल, तर ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभार असलेले काळे-पांढरे कण तरंगत असतात. पान उलटताना वीज लागते, उलटलेले पान तसेच ठेवायला लागत नाही. त्यामुळे जपून वापरलेला पडदा दहा वर्षांनंतरही अक्षरे जवळजवळ पहिल्यासारखीच दाखवतो.

आपण आज दोन कामे करावीत. यंत्र ‘एअरप्लेन मोड’वर टाकावे, म्हणजे त्याचा बाहेरच्या जगाशी व्यवहार थांबेल आणि बॅटरीही पुष्कळ टिकेल. नंतर ते तारेने संगणकाला जोडून ‘डॉक्युमेंट्स’ नावाचे फोल्डर जसेच्या तसे संगणकावर उतरवून ठेवावे. जुनी यंत्रे पेन ड्राइव्हसारखी उघडतात. या बाबतीत ती काही नव्या यंत्रांपेक्षा सोयीची आहेत. जोडल्यावर संगणक काहीच दाखवत नसेल, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी तार बदलून पाहावी. मायक्रो-यूएसबीच्या स्वस्त तारांपैकी अनेक तारा केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. दुकानदाराला ‘डेटा केबल’ असे स्पष्ट सांगून घ्यावी.

प्रश्न : वडिलांसाठी जुना सहा इंची ई-रीडर वापरायचा आहे. ते फक्त मराठी वाचतात. मी काही मराठी पुस्तके त्यात भरली, परंतु वेलांट्या आणि जोडाक्षरे यांची पार दैना झाली आहे. फॉन्ट बदलूनही उपयोग झाला नाही. वडिलांचे स्वतःचे लेखनही आहे, पण ते जुन्या श्रीलिपीत टाइप केलेले आहे.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्यासारखी पाच-सहा पत्रे आहेत, आणि महाराष्ट्रात जुन्या ई-रीडरचा खरा अडथळा हाच असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

देवनागरीत अक्षरे ज्या क्रमाने साठवली जातात, त्याच क्रमाने ती दिसत नाहीत. ‘विठ्ठल’ या शब्दात साठवताना आधी ‘व’ येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, पण दिसताना वेलांटी ‘व’च्या आधी उभी राहावी लागते, दोन ‘ठ’ एकमेकांखाली यावे लागतात, ‘वर्ष’मधला रफार ‘ष’च्या डोक्यावर चढावा लागतो. ही सगळी मांडामांड करणारा भाग यंत्राच्या प्रणालीत असावा लागतो. किंडलवर मराठी पुस्तकांची अधिकृत सोय डिसेंबर २०१६ मध्ये झाली, आणि त्यापूर्वीच्या कित्येक यंत्रांत ही मांडणी अर्धवट आहे किंवा मुळीच नाही. तेथे वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते, रफार खाली उतरून पाय मोडलेला ‘र’ होतो, आणि जोडाक्षरांऐवजी पाय मोडक्या अक्षरांची रांग लागते. फॉन्टमध्ये अक्षरांची रूपे असतात, त्यांची मांडणी यंत्रालाच करावी लागते; म्हणून कितीही चांगला फॉन्ट घातला तरी फरक पडत नाही.

यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे मांडणीचे काम यंत्रावर सोपवायचेच नाही. संगणकावर मजकूर नीट मांडून त्याची पीडीएफ करायची. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराचे रूप आणि त्याची जागा आधीच ठरलेली असते. जुने यंत्र ते फक्त उमटवते, आणि तेवढे त्याला उत्तम जमते. अडचण अशी, की नेहमीच्या ए४ आकाराच्या पीडीएफमधली अक्षरे सहा इंची पडद्यावर मुंगीएवढी दिसतात. म्हणून पानाचाच आकार पडद्याएवढा ठेवायचा.

लिबरऑफिस रायटर हा मोफत प्रोग्राम उघडून पानाची रुंदी ९ सेंटिमीटर, उंची १२ सेंटिमीटर आणि चारही बाजूंचा समास ३ मिलिमीटर ठेवावा. यंत्राची स्वतःची कड समासाचे काम करतेच. अक्षराचा आकार वडिलांच्या डोळ्यांप्रमाणे १४ ते १६ पॉइंट घ्यावा. हा निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण पीडीएफमधील अक्षर नंतर यंत्रावर सुटेपणाने मोठे करता येत नाही. फॉन्ट निवडताना अगदी नाजूक रेषांचा घेऊ नये. २०१२ पूर्वीच्या सहा इंची यंत्रांची घनता साधारण १६७ बिंदू प्रतिइंच एवढीच असते, आणि बारीक रेषा तेथे राखाडी होऊन विरतात. ‘मुक्त’ हा मोफत फॉन्ट मध्यम जाडीत चांगला दिसतो, ‘नोटो सॅन्स देवनागरी’ही चालतो. ओळी दोन्ही बाजूंनी समान करण्याचा मोह टाळावा. मराठी शब्द लांब, ओळ अरुंद, त्यामुळे शब्दांमध्ये भगदाडे पडतात; डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळी सोडलेली ओळ वाचायला बरी पडते. शेवटी ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ करून फाइल ‘डॉक्युमेंट्स’मध्ये टाकावी. मोठे पुस्तक असेल तर प्रकरणवार फाइली कराव्यात, कारण पाचशे पानांच्या पीडीएफमध्ये जुने यंत्र पान शोधताना दमते.

वडिलांच्या लेखनाचे काम तर याहून सोपे आहे. श्रीलिपी असो की सी-डॅकचे जुने फॉन्ट, पुण्यातल्या निम्म्या घरांतील हस्तलिखिते अशा युनिकोडपूर्व (म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या आजच्या अक्षर-संकेताच्या आधीच्या) फॉन्टांत अडकलेली आहेत आणि ती युनिकोडमध्ये आणताना चुकांचा पाऊस पडतो. येथे त्या रूपांतराची गरजच नाही. ज्या संगणकावर तो फॉन्ट बसवलेला आहे आणि अक्षरे बरोबर दिसतात, त्यावरच पानाचा आकार बदलून पीडीएफ करावी. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी. कधीतरी ती युनिकोडमध्ये आणावी लागेलच, पण त्यासाठी वडिलांचे वाचन खोळंबायला नको.

पुस्तके मिळवण्यासाठी मराठी विकिस्रोत पाहावे. तेथील ग्रंथ ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलीचा एक प्रचलित प्रकार) आणि पीडीएफ या रूपांत उतरवता येतात. पीडीएफसाठी ए६ हा लहान आकार निवडल्यास तो सहा इंची पडद्याच्या बराच जवळ जातो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजलेली ६० वर्षे संपली, की त्याचे साहित्य प्रताधिकारमुक्त होते. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी दोघेही १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. यांचे लेखन निर्धास्तपणे वापरता येईल. स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथांसाठी ‘के२पीडीएफऑप्ट’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो पानांचे रिकामे समास छाटतो आणि शब्दांमधली मोकळी जागा ओळखून पानाच्या चित्राचेच तुकडे करून लहान पडद्यासाठी नव्याने रचतो. त्याला भाषा कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. मूळ स्कॅन पुसट असेल तर मात्र निकाल फार आशादायक नसतो.

प्रश्न : मी विकत घेतलेली पुस्तके दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात का जात नाहीत? पैसे तर मी मोजले आहेत.
— एक ग्राहक, बिबवेवाडी

उत्तर : आपण पैसे मोजले ते पुस्तक वाचण्याच्या परवान्याचे, दुकानाच्या अटींत तसे लिहिलेले असते, आणि ‘खरेदी करा’ हे बटण दाबताना त्या अटी कोणी वाचत नाही, हे दुकानालाही ठाऊक असते. फाइलीला डिजिटल कुलूप असते आणि ते विशिष्ट खात्याशी व यंत्राशी जोडलेले असते. ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरण्याची सोयही बंद केल्यामुळे, वायफायवर चालू न शकणाऱ्या यंत्रांची वाट आणखी अरुंद झाली. कुलूप तोडण्याच्या रीती या सदरात सांगितल्या जात नाहीत, कारण प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने हा विषय कायद्याच्या कक्षेत आणला आहे. यापुढच्या खरेदीत एवढे करता येईल, की जे प्रकाशक कुलूप न लावता ईपब देतात त्यांच्याकडून आधी घ्यावे. अशी इंग्रजी ईपब फाइल ‘कॅलिबर’ या मोफत प्रोग्रामने मोबी या किंडलला कळणाऱ्या प्रकारात बदलून जुन्या किंडलवर वाचता येते. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या एका ई-रीडरसाठी सुरू केलेला हा प्रोग्राम आजही सांभाळला जातो. ज्या यंत्रासाठी तो लिहिला गेला, त्याचे दुकान केव्हाच बंद पडले.

प्रश्न : जुना ई-रीडर भिंतीवर टांगून त्यावर रोजचे पंचांग, हवामान आणि घरातल्या कामांची यादी दाखवायची आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठीही ते चालेल. कितपत व्यवहार्य आहे?
— संगणकशास्त्राची विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : व्यवहार्य आहे, आणि शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. मात्र यासाठी यंत्राची मूळ प्रणाली खुली करावी लागते. त्याला जेलब्रेक म्हणतात, आणि प्रत्येक मॉडेल व प्रणालीच्या आवृत्तीसाठी त्याची रीत वेगळी असते. आपल्या यंत्राची आवृत्ती सेटिंगमध्ये पाहून तिच्यासाठीचीच रीत वापरावी. जवळपासच्या मॉडेलची वापरली, तर यंत्राची वीट होते, म्हणजे ते पार निकामी होते. नूक सिंपल टच किंवा सोनी पीआरएस-टी१ ही यंत्रे मुळातच जुन्या अँड्रॉइडवर चालत असल्याने तेथे मार्ग थोडा वेगळा आहे.

रचना साधी ठेवावी. ई-रीडरकडून वेबपान उघडून घेण्याच्या फंदात पडू नये. त्याचा ब्राउझर आणि प्रमाणपत्रे दोन्ही जुनी असतात. घरातला एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक हाच माहिती गोळा करील, मराठी मजकूर नीट मांडील आणि त्याचे एक चित्र तयार करील. जुन्या सहा इंची किंडलसाठी ते ६०० बाय ८०० बिंदूंचे, ८ बिट करड्या रंगछटांतले पीएनजी असावे. पहिल्या पेपरव्हाइटसाठी ७५८ बाय १०२४. ई-रीडरने घरातल्या घरात साध्या एचटीटीपीने ते चित्र उचलायचे आणि ‘ईआयपीएस’ या आज्ञेने पडद्यावर उमटवायचे, एवढेच. देवनागरीच्या मांडणीचा वर सांगितलेला घोळही येथे आपोआप टळतो. ही यंत्रे फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात आणि नवी डब्ल्यूपीए३ सुरक्षा त्यांना कळत नाही, म्हणून राउटरवर त्यांच्यासाठी वेगळे पाहुण्यांचे नेटवर्क सुरू करावे; सुरक्षेची दुरुस्ती मिळणे बंद झालेले यंत्र घरातल्या इतर संगणकांच्या पंगतीला बसवू नये.

चित्र किती वेळाने बदलायचे, हा प्रश्न बॅटरीचा आहे. पडदा वीज खात नाही, वायफाय खाते. तिथी, सूर्योदय आणि कामांची यादी दिवसातून एकदा बदलली तरी भागते. हवामानासाठी दोन-तीन तासांचे अंतर पुरे. बसच्या वेळा दर मिनिटाला दाखवण्याची कल्पना आपल्या पत्रात आहे, ती सोडून द्यावी. त्या कामाला हा पडदा नाही. सारखे बदलत राहिल्यास आधीच्या चित्राची भुते मागे उरतात आणि ती पुसायला संपूर्ण पडदा काळा-पांढरा करून घ्यावा लागतो.

आणि एक स्पष्ट मत. प्रकल्प म्हणून हे अवश्य करावे, पण घरात ई-रीडर एकच असेल आणि तो अजून पुस्तके दाखवत असेल, तर त्याला भिंतीवरचे कॅलेंडर करून ठेवू नये. कॅलेंडर कागदावर छापून मिळते. वाचनासाठीच प्रणाली खुली करायची असेल, तर ‘केओरीडर’ हा मुक्त प्रोग्राम बसवावा. तो जुन्या किंडलवर थेट ईपब उघडतो आणि पीडीएफचे समास कापून दाखवतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या वाचनालयाला सभासदांनी जुने ई-रीडर भेट दिले आहेत. पुस्तके भरून ते घरी वाचायला द्यावेत, असा विचार आहे. काय काळजी घ्यावी?
— वाचनालयाचे सचिव, सहकारनगर

उत्तर : पहिल्या पत्राला दिलेला सल्ला येथे उलटा करावा लागतो. यंत्र घरातच राहणार असेल तर नोंदणी ठेवावी. परक्या हाती जाणार असेल तर ती काढलीच पाहिजे. नोंदणीकृत यंत्रात देणाऱ्याचे खाते, वाचनाच्या खुणा आणि काही वेळा एका टिचकीत खरेदी करण्याची सोय तशीच राहते. देणाऱ्याला समोर बसवून, त्याला हव्या असलेल्या नोंदी संगणकावर उतरवून घेऊन, मगच त्याच्याच हाताने यंत्र रिकामे करावे. जुनी बरीच यंत्रे नोंदणीशिवायही तारेने भरलेली पुस्तके दाखवतात, तरी सगळी एकदम पुसू नयेत. एका यंत्रावर करून पाहावे आणि ते सुरू झाले तरच पुढच्याला हात लावावा.

पुस्तके प्रताधिकारमुक्तच भरावीत. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या नव्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ वाचनालयाच्या नावाने वाटल्या, तर उत्तर सचिवांना द्यावे लागेल. अप्पा बळवंत चौक आपल्यापासून दूर नाही, नवी पुस्तके तेथून आणावीत. प्रत्येक यंत्रावर क्रमांक चिकटवून त्याच्यासोबत तार द्यावी आणि एअरप्लेन मोड सुरू ठेवावा. ज्येष्ठांसाठी एकच पुस्तक दोन आकारांच्या अक्षरांत भरून ठेवणे फार उपयोगी पडते; नेमके हे छापील पुस्तकांच्या कपाटात मिळत नाही.

प्रश्न : तीन वर्षे बंद पडलेला ई-रीडर चार्ज होत नाही. मागचे झाकण किंचित फुगल्यासारखे वाटते. दुरुस्त होईल का? नसेल तर टाकायचा कुठे?
— एक वाचक, औंध

उत्तर : झाकण खरोखर फुगले असेल तर चार्जिंगला लावूच नका. आतली लिथियम-पॉलिमर बॅटरी वायू धरून फुगते, आणि तिला टोचले किंवा दाबले तर पेट घेऊ शकते. यंत्र तसेच धातूच्या डब्यात, उन्हापासून आणि गादी-पडद्यांपासून दूर ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणारे कारागीर मिळतात. जाताना बॅटरीवर छापलेला क्रमांक आणि क्षमता सांगता आली तर काम सोपे होते. सहा इंची यंत्रांत ती मॉडेलनुसार साधारण ८९० ते १७५० मिलीअँपिअर-तास असते. झाकण मात्र कारागिरालाच उघडू द्या, कारण पडद्याची मागची बाजू काचेची आणि अतिशय पातळ असते.

झाकण फुगलेले नसून नुसतीच बॅटरी पार उतरलेली असेल, तर जलद चार्जर वापरू नका. संगणकाच्या यूएसबीला किंवा जुन्या १ अँपिअरच्या चार्जरला काही तास लावून ठेवा आणि मग पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. पुष्कळ यंत्रे एवढ्यावर जागी होतात.

पडदाच फुटला असेल तर नवा बसवण्याचा खर्च बहुधा त्याच मॉडेलच्या वापरलेल्या यंत्राएवढा येतो, करू नका. अशा यंत्रातील चांगली बॅटरी दुसऱ्या तशाच यंत्राला उपयोगी पडते, म्हणून कारागीर ते ठेवून घेण्याचीही शक्यता असते. यांपैकी काहीच जमले नाही, तर ते घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. आपल्या भागात कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या सेवकांना ई-कचरा संकलनाचा पुढचा दिवस विचारा, आणि देताना बॅटरी फुगलेली असल्याचे तोंडी सांगून वर चिठ्ठीही चिकटवा.